पानिपत, कोरेगाव आणि बुणगे

दरवर्षी उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य हमखास भेटते : ‘सैन्याबरोबर बुणगे फार होते, हे पानिपतच्या पराभवाचे एक कारण होय.’ मी त्यावर बरोबरची खूण करतो, गुण देतो. यंदा वर्गात विचारले, बुणगे म्हणजे कोण? एकही हात वर गेला नाही. मुले बहुतेक टिटवाळा, वासिंद, शहापूरकडून गाडीने येणारी. माझ्यासारखीच घरातली पहिली पदवी मिळवू पाहणारी. भाऊसाहेब त्यांना ठाऊक होते, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा ठाऊक होत्या, 14 जानेवारी 1761 ही तारीख तर तोंडपाठ होती.

बुणगे म्हणजे फौजेबरोबरची न लढणारी माणसे. गवत कापणारे, बैल हाकणारे, मोतद्दार, स्वयंपाकी, बाजारकरी, यात्रेकरू, बायामुले. इतिहासकार एकदा सेनापतीच्या घोड्यावर बसला की ही सारी माणसे त्याला ओझे वाटू लागतात. त्या घोड्यापुढे वैरण कोणी टाकली, हा प्रश्न घोड्यावरून सुचत नाही.

आपल्या इतिहासलेखनाला ही बैठक कोठून मिळाली? मराठ्यांचा मोठा इतिहास प्रथम इंग्रजीत लिहिणारा ग्रँट डफ हा कंपनीच्या फौजेतला कॅप्टन. पेशवाई बुडाल्यावर तो साताऱ्यास कंपनीचा प्रतिनिधी होता; ग्रंथ 1826 मध्ये निघाला. शिपायाने मोहिमा मोजाव्यात यात नवल नाही. नवल आहे ते त्याच्यावर तुटून पडलेल्या आपल्या विद्वानांचे. कीर्तन्यांनी डफच्या चुका दाखवल्या. राजवाड्यांनी गावोगाव दप्तरे धुंडाळली आणि 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो 1750 ते 1761 च्या पत्रांचा. त्यांच्या कष्टांपुढे मान लवते. पण डफचा निकाल तेवढा त्यांनी नाकारला, त्याचा विषय तसाच ठेवला. रानड्यांनी 1900 मध्ये संतांना मराठी सत्तेच्या उदयात जागा दिली, हा एक मोठा अपवाद. बाकी कादंबऱ्या, नाटके, पाठ्यपुस्तके रणांगणावरच रमली.

यावर ठरलेले उत्तर मिळते : कागद सरदारांचे आहेत, गवत कापणाऱ्याचा कागद कोठून आणावा? हे अर्धेच खरे आहे. पेशव्यांच्या दप्तरात वेठबेगारीचे कागद आहेत. सरकारी गवत-लाकूड वाहणे, किल्ल्यांची कामे, आणि त्यात महारांवर पडणारा भार, हे सारे तेथे नोंदलेले आहे. त्या वेठीवर स्वतंत्र निबंध लिहिला तो हिरोशी फुकाझावा या जपानी अभ्यासकाने. पुण्याच्या कागदांतली वेठ जपानहून आलेल्या माणसाला दिसावी, याची आमच्या विद्वानांना लाज वाटल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता घरातले बोलतो. काही मित्रांना ते रुचणार नाही. प्रस्थापितांच्या पानिपताला उत्तर म्हणून आपण कोरेगाव पुढे केले. 1 जानेवारी 1818 च्या त्या लढाईच्या स्तंभावर ‘नाक’ असा शेवट असलेली नावे कोरलेली आहेत. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब तेथे गेले. ज्यांना शस्त्र धरायलाही अपात्र ठरवले होते त्यांची नावे दगडावर वाचताना छाती भरून येते, माझीही येते. पण भाषणे ऐकावीत तर संख्या, शौर्य, किती मारले, किती पळाले! घोडा बदलला, बैठक तीच. त्याच स्तंभावर इतर जातींच्या शिपायांचीही नावे आहेत आणि समोरच्या पेशव्यांच्या फौजेत अरब होते, हे सांगायला कोणी थांबत नाही.

लष्कराने आपल्या माणसांना सर्वांत मोठे काय दिले? माझ्या मते शाळा. रामजी सुभेदार पलटणीच्या शाळेत शिक्षक होते. दापोलीला पेन्शनरांची वस्ती झाली. तेथूनच गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त लष्करी माणसाने 1888 मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. गावाबाहेरचा पगार, पेन्शन आणि अक्षर ही तिन्ही एका घरात आली, तेव्हा तो माणूस गावाला प्रश्न विचारू लागला. म्हणून तर 1892च्या सुमारास महारांची भरती बंद झाली तेव्हा ते एवढे झोंबले. वलंगकरांनी 1894 मध्ये अर्ज तयार केला. मागणी भरतीची होती, पण तिच्यामागे मुलांची शाळा होती. पहिल्या महायुद्धात पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर मोडली. महार रेजिमेंट व्हायला 1941 उजाडले. या अर्जांचा इतिहास कोणत्याही लढाईइतकाच रोमहर्षक आहे. तो आपल्या मासिकांतही पाव पानात उरकला जातो.

त्या तासाला मी मुलांना घरातले जुने कागद शोधायला सांगितले. टिटवाळ्याच्या एकाने पणजोबांचे डिस्चार्जचे पान आणले, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले. ‘सर, पणजोबा लढाईत नव्हतेच,’ तो ओशाळून म्हणाला. मी पान उलटले. शिक्षणाच्या रकान्यात लिहिले होते : तिसऱ्या वर्गाचे सर्टिफिकेट. खाली सहीच्या जागी अंगठा नव्हता, सही होती.