देवासचा राजा आणि फ्रेंच हद्द

फॉर्स्टर यांचे ‘द हिल ऑफ देवी’ (१९५३) आम्ही पुन्हा वाचले. १९२१ च्या देवासातील गोकुळाष्टमीत त्यांना नीटनेटकेपणा दिसला नाही. परंतु भक्तीचा उमाळा त्यांनी ओळखला, हे मोठेच.

धारच्या पवारांचे भाऊबंद, देवास थोरल्या पातीचे तुकोजीराव, राज्य कर्जात बुडाल्यावर १९३३ च्या अखेरीस फ्रेंच पाँडिचेरीत राहिले. १९३७ मध्ये तेथेच वारले. लेखकाचा जीव मित्रासाठी तुटतो. मात्र त्या आश्रयाचे कायदेशीर बळ किती, हे ते तपासीत नाहीत. १९१० मध्ये मार्सेयच्या फ्रेंच भूमीवरून सावरकर पुन्हा इंग्रजांच्या हाती गेले. त्या अटकेत अनियमितता मान्य करूनही हेगच्या लवादाने १९११ मध्ये त्यांना परत करण्याचे बंधन इंग्लंडवर घातले नाही. राजाला कोणी असेच उचलून नेले असते, तर? पाँडिचेरीचा उंबरठा तेवढाच कच्चा होता. या शंकेला पुस्तकात एखादे पान हवे होते.