उसन्या वीरांची झुंज

दोन निरनिराळ्या ग्रंथांतील वीर एका रणांगणावर आणावे आणि त्यांत श्रेष्ठ कोण हें पाहावें, ही वाचकाची हौस फार जुनी आहे. भीष्म आणि कर्ण यांत अधिक कोण, असा वाद घालणाऱ्यास आपला पुरावा महाभारतांतच शोधितां येतो. परंतु कर्ण आणि इंद्रजित् यांची गांठ पडती तर काय होतें, असें ज्यानें विचारिलें, तो वाचकाच्या आसनावरून उठून लेखकाच्या आसनावर जाऊन बसला असें समजावें. या प्रश्नाचें उत्तर कोणत्याही ग्रंथांत लिहिलेलें नाहीं. तें विचारणारालाच रचावें लागतें.

आजच्या तरुण वाचकांत या हौसेनें नवें रूप घेतलें आहे. जपानी चित्रकथांत आणि अमेरिकन चित्रपटांत वावरणारे पर्वतप्राय यंत्रमानव हे त्यांचे भीम आणि घटोत्कच. कोणी हौशी संयोजक स्पर्धेचा पुकारा करितो. भाग घेणारा प्रत्येक लेखक आपल्या आवडीचा एक यंत्रवीर निवडतो. जोड्या लाविल्या जातात. प्रत्येक जोडीची झुंज कथारूपानें लिहिली जाते. वाचक मतें देतात. हरलेला वीर बाद होतो आणि जिंकलेला पुढच्या फेरींत जातो. लेखकास यांत मोबदला नाहीं आणि पात्रांवर त्याची मालकीही नाहीं. वेदगंगेच्या कांठच्या आमच्या मुरगुडांत ‘जोड’ हा शब्द उच्चारतांच लोकांच्या डोळ्यांपुढें तांबडी माती उभी राहते. तेव्हां या सर्व खटाटोपास कागदावरचें कुस्त्यांचें मैदान म्हटलें तर तें येथें कोणासही चटकन् समजेल.

माझ्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण या खेळांत रमलेले आहेत, आणि ‘याला साहित्य म्हणावें काय?’ असा प्रश्न त्यांनीं मला केला आहे. हा प्रश्न हंसून टाळण्याजोगा नाहीं. ज्या वयांत लेखणी प्रथम हातीं येते, त्या वयांत वडीलधाऱ्यांनीं केलेला उपहास ती लेखणी कायमची खालीं ठेवावयास लावितो. आणि अविचारानें केलेली वाहवाही तितकीच घातक ठरते. म्हणून या लेखनाचे गुणदोष नीट पारखून पाहणें हें टीकाकाराचें कर्तव्य ठरतें.

पहिला आक्षेप असा कीं, पात्रें उसनीं आहेत, तेव्हां निर्मिति ती कसली? हा आक्षेप घेणारानें आधीं आपल्या घरांतील पोथ्यांचें फडताळ रिकामें करावें. जैमिनीच्या अश्वमेधांत बभ्रुवाहनाच्या हातून त्याचा पिता अर्जुन पडतो, आणि त्या पितापुत्रांच्या युद्धाच्या जोडीला कवि रामाची व कुशलवांची झुंज आणून बसवितो. श्रीधरानें तो जैमिनीचा अश्वमेध मराठी ओवींत आणिला आणि आमच्या आजा-पणजांनीं तो माना डोलवीत ऐकिला. वीर व्यासांचे, कथा जैमिनीची, वाणी श्रीधराची. यांत उसनें कोणतें आणि स्वतःचें कोणतें हें विचारण्याची गरज कोणा श्रोत्यास वाटली नाहीं.

किंबहुना ही उसनवारी महाभारतांतच सुरू झाली आहे. वनपर्वांत द्रौपदीसाठीं सौगंधिक कमळें आणावयास निघालेल्या भीमाच्या वाटेंत एक म्हातारा वानर पडलेला असतो आणि त्याचें शेपूटही भीमास हालवितां येत नाहीं. दुसऱ्या युगांतला, दुसऱ्या काव्यांतला वीर येथें पांडवांच्या कथेंत शिरला आहे. पुढें भीम त्यास म्हणतो कीं, ज्या रूपानें समुद्र ओलांडिला तें रूप मला दाखीव. त्यावर मारुति प्रथम नकार देतो. तो काळ वेगळा होता, युगाप्रमाणें देह, बळ आणि तेज हीं पालटतात, असें तो समजावून सांगतो. आणि भीमानें फारच हट्ट धरिला तेव्हां कोठें तो आपलें रूप प्रकट करितो. एका कथेंतल्या बळाचें माप दुसऱ्या कथेंत जसेंच्या तसें चालत नाहीं, हा या प्रकारच्या लेखनाचा पहिला नियम व्यासांनीं असा सहज सांगून टाकिला आहे.

दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. लेखक ज्याला म्हणेल तो जिंकणार. मग अशा झुंजीस अर्थ काय? याचें उत्तर आनंदरामायणांतील अर्जुन-मारुतींच्या पैजेंत सांपडतें. सेतुबंधापाशीं अर्जुन विचारितो कीं, रामानें दगडांचा सेतु कशासाठीं बांधिला, बाणांचा कां बांधिला नाहीं? मारुति म्हणतो, वानरांच्या भारानें तो मोडला असता. पैज लागते, अर्जुन बाणांचा सेतु रचितो, मारुतीच्या भारानें तो कोसळतो आणि अर्जुन अग्निप्रवेशास सिद्ध होतो. इतक्यांत बटूच्या वेषानें श्रीकृष्ण येतो आणि म्हणतो, साक्षीवांचून लागलेली पैज ती पैजच नव्हे. माझ्यासमक्ष पुन्हां करा. दुसऱ्या वेळीं सेतु मोडत नाहीं, कारण त्याच्याखालीं सुदर्शनाचा आधार असतो. मारुति तें ओळखितो आणि अर्जुनाच्या ध्वजावर बसण्याचें मान्य करितो.

या लहानशा कथेंत किती शहाणपण भरलें आहे पाहा. पंच हवा, ही गोष्ट तींत आहे. आणि पंचच एका पक्षास मिळाला तर काय होतें, हीही आहे. दोघांचें बळ त्यांच्या त्यांच्या जातीचें राहिलें आहे: अर्जुनाचें बळ कौशल्याचें, मारुतीचें भाराचें. शिवाय अर्जुन कपिध्वज आहे ही गोष्ट श्रोत्यास आधींच ठाऊक होती. तिला या झुंजीनें एक नवें कारण मिळालें. शेवटीं हरला कोण? कोणीच नाहीं. पैज संपली आणि दोन काव्यांमध्यें एक नातें जोडलें गेलें. निकाल लेखकाच्या हातीं असतो हें खरें. पण त्या निकालानें दोन्ही कथांस कांहीं नवें दिलें कीं नाहीं, हें ठरविणें वाचकाच्या हातीं राहतें.

झुंजीला कारणही तसेंच भक्कम लागतें. कृष्ण आणि अर्जुन यांचें युद्ध कल्पिणाऱ्या कथाकारापुढें मोठीच अडचण होती. हे दोघे एकमेकांवर शस्त्र उचलतील कसे? एका गंधर्वाच्या हातून नकळत कृष्णाचा अपमान होतो, कृष्ण त्याच्या वधाची प्रतिज्ञा करितो, आणि तोच गंधर्व अर्जुनाकडून आधीं अभय मिळवितो. एकाला प्रतिज्ञा सोडतां येत नाहीं, दुसऱ्याला शरणागत सोडतां येत नाहीं. वैर नसतां युद्ध अटळ होतें. न. चिं. केळकरांसारख्या विचारी लेखकास या कथेवर ‘कृष्णार्जुनयुद्ध’ हें नाटक लिहावेंसें वाटलें याचें नवल नाहीं. ‘चिठ्ठींत नांवें निघालीं म्हणून लढले’ हें कारण त्याच्यापुढें किती केविलवाणें दिसतें!

आतां यंत्रवीरांकडे वळूं. ‘रोबो’ हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक याच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकानें जगास दिला. तें नाटक इ. स. १९२० मध्यें प्रसिद्ध झालें आणि १९२१ मध्यें रंगभूमीवर आलें. त्या शब्दाच्या मुळाशीं वेठीचें काम असा अर्थ आहे. परंतु झुंजणारे महाकाय यंत्रमानव हे वेठ्यांच्या कुळांतले नव्हेत. इ. स. १९५६ मधील योकोयामा याच्या ‘तेत्सुजिन २८’ या चित्रकथेंतला लोहपुरुष दुरून चालविला जाई. चालविण्याचें साधन ज्याच्या हातीं, त्याचा तो दास. इ. स. १९७२ मध्यें गो नागाई यानें ‘माझिंगर झेड’ रचिला आणि चालविणारा मुलगा यंत्राच्या मस्तकांतच नेऊन बसविला. तेथून यंत्र हें दास न राहतां रथ झालें. या यंत्रानें तूं देव होशील किंवा दैत्य होशील, असें त्या मुलाचा आजा त्यास मरतांना बजावितो. इ. स. २०१३ च्या ‘पॅसिफिक रिम’ या चित्रपटांत तर एका यंत्रास दोन चालक लागतात आणि त्यांचीं मनें एकमेकांस जोडावीं लागतात. आम्हांस येथें रथी-सारथींची आठवण व्हावी हें साहजिक आहे.

रथाचें बळ कशांत असतें हें शल्यपर्वांत सांगितलें आहे. युद्ध संपल्यावर कृष्ण अर्जुनास आधीं उतरावयास लावितो, मग स्वतः उतरतो, ध्वजावरचा कपि अदृश्य होतो, आणि तो रथ पाहतां पाहतां जळून भस्म होतो. द्रोण-कर्णांच्या अस्त्रांनीं तो केव्हांच दग्ध झाला होता; आंत बसलेल्यामुळें उभा होता इतकेंच. यंत्रवीरांच्या झुंजी लिहिणाऱ्या प्रत्येक तरुणानें हा प्रसंग वाचावा. त्यांच्या कथांत लोखंडाची जाडी, तोफांची संख्या, पावलाखालीं चुरडलेल्या इमारती यांचीं वर्णनें पानेंच्या पानें चालतात, आणि आंत बसलेला माणूस मात्र हरवून जातो.

याचें एक उदाहरण घेऊं. माझिंगर झेडची उंची अठरा मीटर. इ. स. १९७९ मध्यें तोमिनो यानें पडद्यावर आणिलेल्या गंडामची उंचीही अठराच मीटर. कुस्तीच्या हिशेबानें ही जोड अगदीं तोडीस तोड. पण माझिंगरचा चालक ज्या जगांतून येतो तेथें शत्रु हा दुष्ट असतो आणि त्याचीं यंत्रें मोडणें हेंच पुण्य. गंडामचा चालक हा युद्धांत ओढला गेलेला, भ्यालेला मुलगा. समोरच्या यंत्रांतही आपल्यासारखाच कोणी बसलेला आहे हें त्यास कळत जातें. या दोघांची झुंज लिहितांना पहिला निःशंकपणें प्रहार करील आणि दुसऱ्याचा हात अडखळेल. त्या अडखळण्यांत कथा आहे. कोणाचें पोलाद अधिक कठीण, या मोजमापांत ती नाहीं.

उलट जेथें उंचींतच अंतर आहे, तेथें संयोजकाची तारांबळ होते. गेटर रोबो अडतीस मीटरांचा, कॉम्बॅटलर व्ही सत्तावन्न मीटरांचा. इ. स. १९९१ मध्यें जपानांत निघालेल्या ‘सुपर रोबो ताइसेन’ या खेळांत या सर्वांस एकत्र आणितांना चित्रकारांनीं त्यांस मोठ्या डोक्याचे, आंखूड देहाचे, जवळजवळ सारख्या मापाचे ठेंगू करून टाकिलें. युक्ति चतुर खरी. पण पर्वताचा भव्यपणा तींत गेला. धंदेवाईक चित्रपटांनीं दुसरी पळवाट काढिली. इ. स. १९७३ मध्यें माझिंगर आणि डेव्हिलमन यांस समोरासमोर आणणारा चित्रपट निघाला. नांवांत ‘विरुद्ध’ असूनही शेवटीं दोघे मिळून तिसऱ्याच शत्रूवर तुटून पडतात. कोणाचाच चाहता दुखवावयाचा नाहीं, हा व्यापार झाला. इ. स. १९६२ च्या किंग काँग आणि गॉडझिला यांच्या चित्रपटाविषयीं तर पुष्कळ वर्षें अशी कंडी पिकली होती कीं, जपानी प्रतींत गॉडझिला जिंकतो आणि अमेरिकन प्रतींत काँग. तें खोटें होतें. दोहोंतही काँगच समुद्रांतून पोहत घरीं जातांना दिसतो. पण लोकांनीं त्यावर विश्वास ठेविला, यावरून निकालाकडे डोळे लागले म्हणजे कथा कशी दिसेनाशी होते हें कळून येतें.

आणि हाच या स्पर्धांचा खरा दोष आहे. उसनीं पात्रें हा दोष नव्हे. यंत्रें हाही नव्हे. हरलेला बाद आणि मताधिक्यानें विजय, हे दोन नियम कथेच्या मुळावर येतात. मतें पडतात तीं वीराच्या लोकप्रियतेस. म्हणून लेखक प्रतिपक्षाच्या वीरास मूर्ख, दुबळा किंवा आंधळा करून सोडतो. असा विजय म्हणजे गड्याचे हात बांधून मारिलेली कुस्ती. कोल्हापूरचें खासबाग मैदान १९१२ सालीं उभें राहिलें, तेव्हांपासून आमच्या भागांतल्या प्रेक्षकानें पैलवान हरतांना पुष्कळ पाहिले आहेत; पण नामांकित मल्ल मुद्दाम कच्चा होऊन पडला अशी नुसती शंका आली तरी तेंच मैदान खवळून उठतें. तेथें तुल्यबळ कुस्तीचा निकाल लागेना तर पंच ती बरोबरींत सोडवीत आणि दोघांचेंही नांव राही. बाद-फेरींत बरोबरीस जागाच नाहीं. अर्जुन-मारुतींची ती कथा या तरुणांच्या स्पर्धेंत कोणी पाठविली, तर ती नियमबाह्य म्हणून परत येईल! ज्या नियमांत सर्वोत्तम कथा बसत नाहीं ते नियम बदलले पाहिजेत.

माझ्या विद्यार्थ्यांस म्हणून माझें सांगणें थोडक्यांत असें. पुढच्या फेरींत लेखक जावा, वीर नव्हे. प्रत्येकानें ती झुंज प्रतिपक्षाच्या यंत्रांत बसून लिहावी. म्हणजे माझिंगरच्या चाहत्यानें गंडामच्या चालकाच्या मनांत शिरावें आणि गंडामच्या चाहत्यानें माझिंगरच्या. बळाचें माप आणि झुंजीचें कारण संयोजकानें आधीं ठरवून द्यावें. बरोबरी मान्य करावी. आणि निकाल देणारानें गुण देण्यापूर्वीं प्रतिपक्षाच्या लेखकास एकच प्रश्न विचारावा: ‘हा तुझा वीर तुला ओळखूं आला काय?’ तो ‘होय’ म्हणाला, तर कथा निम्मी जिंकली.

आणखी एक गोष्ट. माझ्या पाहण्यांत आलेलें असें लेखन बहुतेक इंग्रजींत आहे, कारण त्या वीरांचीं नांवें आणि त्यांचीं शस्त्रें या मुलांस त्याच भाषेंत प्रथम भेटलीं. परंतु झुंजीची भाषा मराठींत तयार आहे. ती पोवाड्यांत आहे, कलगी-तुऱ्याच्या सवालजबाबांत आहे, मैदानावर पुकारा करणाऱ्याच्या तोंडीं आहे. परदेशचा यंत्रवीर एकदां मराठी वाक्यांत उभा करून पाहावा. तो लढतो कसा हें सांगण्यासाठीं शब्दांची उणीव पडणार नाहीं. तो कशासाठीं लढतो हें सांगण्याचा प्रयत्न ज्या दिवशीं हे विद्यार्थी करूं लागतील, त्या दिवशीं त्यांच्या प्रश्नाचें उत्तर त्यांस माझ्याकडे मागावें लागणार नाहीं.