पंधरा मिनिटांपलीकडचा माणूस

गेल्या वर्षी आमच्या तालुक्याच्या गावी भरलेल्या एका साहित्य मेळाव्यात 'दलित साहित्य आणि श्रमिकांची जागृती' या विषयावर मी बोललो. माझा थोरला भाऊ मालट्रकवर ड्रायव्हर आहे. जालन्याहून सळई भरून नेलेली गाडी खाली करून तो त्याच सकाळी घरी परतला होता. माझे भाषण ऐकायला तो आयुष्यात प्रथमच आला आणि शेवटच्या रांगेत बसल्या बसल्या झोपी गेला. मला वाईट वाटले, हे कबूल करतो. घरी जाताना मी तसे बोललोही. दादा म्हणाला, "तुझं भाषण चांगलंच आसंल. पन तू सारखं 'जागे व्हा, जागे व्हा' म्हनत व्हतास. आरं, मी तीन राती जागाच हाय."

हे वाक्य मी विनोद म्हणून सोडून देऊ शकलो असतो. पण मी साहित्य शिकवतो, आणि माझे शिक्षण ज्या पैशावर झाले तो पैसा याच माणसाच्या जागरणाचा आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. दादा पंधराव्या वर्षी क्लीनर म्हणून गाडीवर चढला तेव्हा मी चौथीत होतो. म्हणून त्याच्या वाक्याकडे मी टीका म्हणून पाहतो. आमच्या चळवळीने आणि साहित्याने झोप म्हणजे अज्ञान आणि जाग म्हणजे मुक्ती असे एक समीकरण रूढ केले. ज्याचे शोषणच जागे ठेवून होते, त्याच्यापुढे हे समीकरण निरुपयोगी ठरते. ते का ठरते, याची तपासणी करणे हा या लेखाचा हेतू आहे.

आपल्या छापील जगात मालट्रकचा चालक कोणत्या रूपात येतो? वृत्तपत्रात तो अपघाताचा आरोपी म्हणून येतो. आरोग्य खात्याच्या कागदपत्रांत तो एड्सच्या संदर्भात येतो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांना 'सेतू लोकसंख्या' या वर्गात घातले, म्हणजे ज्यांच्यामार्फत रोग एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जातो असे लोक. चित्रपटात तो ढाब्यावरचा दारूडा किंवा गाणे म्हणणारा गडी असतो. तिन्ही रूपांत तो कुठून तरी येतो, काहीतरी करतो आणि निघून जातो. तो किती तास जागा होता आणि त्या तासांचे त्याला काय मिळाले, हे कोणी विचारत नाही.

गिरणी कामगाराचे असे झाले नाही. अण्णा भाऊ साठे आणि नारायण सुर्वे यांनी गिरणीचे जग आतून पाहिले होते आणि ते मराठी साहित्यात आणले. त्यांच्या प्रतिभेचे श्रेय कमी न करता मी म्हणेन की, गिरणीला भोंगा होता. भोंग्याने पिळवणुकीचे तास मोजले, पण त्याच भोंग्याने सुटकेची वेळही सांगितली. पाळी सुटल्यावर चाळ होती, युनियन होती, शाहिरांची मंडळी होती. नामदेव ढसाळ यांनी मुंबईत टॅक्सी चालवली. पण टॅक्सीवाल्याचे शहर, वस्ती आणि मित्र एकाच ठिकाणी असतात. लांब पल्ल्याच्या चालकाला ना भोंगा, ना चाळ. माझ्या वाचनात आलेल्या आत्मकथनांत गावकुसाबाहेरचा वाडा आहे, पाल आहे, झोपडपट्टी आहे. ट्रकची केबिन नाही. केबिनमध्ये विद्रोह नाही म्हणून असे झाले, असे मला वाटत नाही. लिहायला लागणारा वेळच त्या माणसाजवळ शिल्लक राहत नाही.

२०२० साली आलेला इवान आयर यांचा 'मील पत्थर' हा चित्रपट येथे विचारात घ्यावा लागेल. पाच लाख किलोमीटरचा टप्पा गाठलेला गालिब नावाचा चालक, त्याची दुखरी पाठ, हमालांचा संप, आणि त्याची जागा घेण्यासाठी शिकायला पाठवलेला तरुण मुलगा, हे सारे त्यात आहे. चालकाचे शरीर झिजते आणि मालकाला बदली माणूस लागतो, ही गोष्ट इतक्या संयमाने सांगणारा दुसरा चित्रपट मी पाहिलेला नाही. तरीही माझा एक आक्षेप आहे. गालिबची बायको वारलेली आहे, आणि चित्रपट त्याच्या एकाकीपणाची मुळे बरीचशी या दुःखात दाखवतो. दादाची बायको जिवंत आहे, दोन मुले आहेत, आणि तो तितकाच एकाकी आहे. येथे एकाकीपणा हा मनाचा धर्म नसून कामाच्या रचनेचा परिणाम आहे. प्रस्थापित कलाविचार त्याला अस्तित्ववादी दुःख म्हणेल. आपण त्याला तासांचा हिशेब म्हटले पाहिजे.

आता त्या हिशेबाकडे वळतो. साहित्याचा शिक्षक म्हणून मला संहिता वाचायची सवय आहे. मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ हीदेखील एक संहिताच आहे, आणि मी ती कवितेइतक्याच काळजीने वाचली. या कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. सलग ५ तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती आणि दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग ९ तासांची सुटी सांगितली. वाचताना बरे वाटते. पण पुढे सवलत येते: लांब पल्ल्याच्या मार्गावर, संबंधित अधिकाऱ्याच्या मान्यतेने, दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तास काम घेता येईल.

हे १० आणि ५४ आकडे कोठून आले, याचा वाचकांनी विचार करावा. १९३४ च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी हेच आकडे होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे दुरुस्ती विधेयक आणले, त्याने १९४६ साली कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणला. म्हणजे बाबासाहेबांनी कारखान्याच्या दारातून जे ६ तास बाहेर काढले, ते १५ वर्षांनी लांब पल्ल्याच्या चालकाच्या केबिनमध्ये परत येऊन बसले. कामगार म्हणून १९४६ साल त्याच्यापर्यंत पोचलेच नाही.

याहून महत्त्वाचे कलम व्याख्येचे आहे. कामाचे तास कशाला म्हणावे? गाडी चालू असतानाचे काम, त्याला जोडून येणारे काम, आणि टर्मिनलवर नुसते हजर राहण्याचा पंधरा मिनिटांपेक्षा कमी काळ. पंधरा मिनिटांपेक्षा कमी! माणूस चौदा मिनिटे थांबला तर तो कामगार, आणि दोन दिवस थांबला तर तो कोण? गेल्या पावसाळ्यात दादा भिवंडीजवळच्या एका गोदामाच्या फाटकाबाहेर मंगळवारी संध्याकाळी सहापासून गुरुवारी दुपारी बारापर्यंत उभा होता. ४२ तास. गाडी सोडून जाता येत नाही, कारण माल चोरीला गेला तर भरपाई त्याची. झोपता येत नाही, कारण रांग पुढे सरकली की गाडी पुढे घ्यावी लागते. ती रांग म्हणजे टर्मिनल नव्हे, असा कोणी कीस काढील. पण कायद्याने हजेरीकडे पाहण्याची जी दृष्टी दिली, तीच मालकाने उचलली. त्या ४२ तासांचा एक पैसाही त्याला मिळाला नाही. आपल्या समाजव्यवस्थेला ताटकळणे नवे नाही. देवळाबाहेर, पाणवठ्याबाहेर, पाटलाच्या ओट्याबाहेर आमच्या आजोबांनी जे ताटकळणे सोसले, त्यालाही कोणी काम म्हटले नव्हते.

शिवाय हा कायदा लागू कोणाला होता? पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमाला. आपल्याकडचा मालवाहतुकीचा धंदा मुख्यतः एक, दोन, चार गाड्यांच्या मालकांचा आहे. दादाच्या आधीच्या मालकाच्या सात गाड्या होत्या; त्या स्वतःच्या, बायकोच्या, भावाच्या आणि मेहुण्याच्या नावावर वाटलेल्या. क्लीनर कागदावर नाहीच. एकाही नावावर पाच कामगार भरत नव्हते. पुढे हा अधिनियम २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेत विलीन झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने मोटार वाहतूक उपक्रमासाठी पाचाचा उंबरठा दहावर नेला. उंबरठे उंच झाले की आत कोण येते आणि बाहेर कोण राहते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पगाराची तऱ्हा अशी. मालक फेरीमागे ठरावीक खर्ची देतो. त्यात डिझेल, वाटेतले खर्च, जेवण, आणि कधी वाराईसुद्धा. यातून जे उरेल ते चालकाचे. वेगळा महिना असला तरी तो नावाला, आणि तोही घेतलेल्या उचलीत वळता होतो. म्हणजे गाडी जितकी लवकर पोचेल तितक्या फेऱ्या जास्त, आणि झोप जितकी कमी तितकी कमाई जास्त. मालकाला डोक्यावर उभे राहायची गरजच नाही. फेरीच्या पैशाने चालकाला स्वतःच्याच शरीराचा मुकादम केले आहे. ऊसतोड मजुराला टनावर पैसे मिळतात तेव्हा आपण त्याला शोषण म्हणतो. तोच न्याय किलोमीटरला का लावत नाही?

हे बदलता येत नाही असे म्हणणाऱ्यांनी त्याच गाडीच्या मागच्या बाजूला पाहावे. तिथे माल चढवणारा माथाडी हाही असंघटित, आज या पेढीवर तर उद्या त्या पेढीवर काम करणारा माणूस होता. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली तो लढला आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. मंडळ आले, मालकांकडून लेव्ही वसूल होऊ लागली, भविष्य निर्वाह निधी आला. एकच मालक नसलेल्या कामगारालाही हक्क देता येतात, हे या राज्याने सिद्ध केले. पण तो हक्क फाळक्यापाशी थांबला, केबिनपर्यंत पोचला नाही. आज गाडीवाल्यांच्या सभांत 'ज्याचा माल त्याचा हमाल' अशी घोषणा होते आणि वाराईवरून चालक व माथाडी एकमेकांसमोर उभे राहतात. दोघेही कष्टकरी, माल ज्याचा, तो या भांडणात कोठेच नाही.

'रस्त्यावर जात नसते' असे एक मत आमच्या तरुणांत आहे. त्यात तथ्य आहे, ते मी नाकारणार नाही. गावकी सोडून स्टिअरिंग हाती घेणे ही आमच्या कित्येक घरांची सुटकाच होती. केबिनमध्ये एकाच डब्यातून जेवण होते. पण मुंबईच्या गिरण्यांत चांगल्या पगाराचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते, हे आठवावे. तिथे जागेला किंमत होती म्हणून दार बंद होते. येथे चालकाच्या जागेला ना शाश्वती ना प्रतिष्ठा, म्हणून दार उघडे आहे. गाडीच्या मालकीपाशी, कर्जाला जामीन मिळण्यापाशी आणि हुंडेकऱ्याच्या पेढीपाशी पुन्हा जात भेटते. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. केबिनमध्ये पहिला दिसत नाही म्हणून तो नाही, असे समजणे भाबडेपणाचे आहे.

जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी गाड्या उभ्या केल्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघात करून, माहिती न देता पळून जाणाऱ्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा होती. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि पांढरपेशा वर्गाला चालकाची आठवण झाली. पुढे १ जुलै २०२४ ला संहिता लागू करताना ते कलम बाजूला ठेवण्यात आले. मी चालकांचा वकील म्हणून लिहीत नाही. ट्रकखाली मरणारा बहुधा पायी किंवा दुचाकीवर जाणारा गरीबच असतो, आणि त्याला रस्त्यात टाकून जाणे हा गुन्हाच आहे. पण त्या चर्चेत शिक्षेची वर्षे मोजली गेली, जागरणाचे तास मोजले गेले नाहीत. रस्त्यावर मरणाऱ्याला खरा न्याय द्यायचा तर चालकाला झोप द्यावी लागेल. २०२५ साली नव्या मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. चांगले झाले. पण थंड केबिनमध्येही सोळा तास हे सोळाच तास असतात.

संविधानाच्या ४३ व्या अनुच्छेदात कामगाराला निर्वाह वेतनाबरोबर फुरसतीचा पूर्ण उपभोग आणि सामाजिक-सांस्कृतिक संधी मिळाव्यात, असे राज्याला सांगितले आहे. फुरसत आणि संस्कृती तेथे शेजारी शेजारी आहेत, हे आपल्या समीक्षेने लक्षात घेतले नाही. आम्ही विद्रोह मोजतो तो शब्दांच्या धारेने. ज्याला शब्द जुळवायला रात्रच मिळत नाही, त्याचा अनुभव आमच्या मापात बसत नाही. म्हणून ट्रकचालकाचे आत्मकथन का आले नाही, हा प्रश्न साहित्याचा आहे तितकाच कामाच्या तासांचा आहे. प्रतीक्षेचा तास हा कामाचा तास ठरावा, फेरीऐवजी तासावर पगार मिळावा, आणि माथाडींसारखे मंडळ चालकांनाही असावे, या मागण्या मी साहित्यिक मागण्या समजतो.

कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. तुमच्या वस्तीत गाडीवर जाणारा कोणी असेलच. त्याच्या एका फेरीची वही करा: गाडी कधी भरली, कधी सुटली, कोठे किती थांबली, तो किती झोपला, हातात काय आले. मी दादापासून सुरुवात केली आहे. तो सांगतो, मी लिहितो. परवा सांगता सांगता त्याला मध्येच झोप लागली. मी वही मिटली आणि दिवा मालवला.