इंजिनाची तहान आणि टेंडरची रचना

वाफेच्या इंजिनांवरील लेखनात चाकांची मांडणी, बॉयलरचा दाब आणि वेगाचे विक्रम यांना भरपूर जागा मिळते. इंजिनामागे जोडलेल्या टेंडरची, म्हणजे कोळसा आणि पाणी वाहून नेणाऱ्या गाडीची, मात्र तक्त्यातल्या एका ओळीवर बोळवण होते. ही उपेक्षा अन्याय्य आहे, कारण इंजिन किती जोर लावणार हे बॉयलरवर ठरत असले, तरी ते न थांबता किती लांब जाणार हे टेंडरवरच ठरते.

1829 सालच्या स्टीफन्सन यांच्या ‘रॉकेट’मागे साध्या गाड्यावर ठेवलेले पाण्याचे लाकडी पिंप होते. पुढे रूढ झालेल्या टेंडरमध्ये पाण्याची टाकी घोड्याच्या नालेच्या आकाराची असे आणि तिच्या दोन बाजूंच्या मधोमध, पुढे उतरत्या तळाच्या खणात कोळसा भरलेला असे, जेणेकरून तो आपोआप घसरत फायरमनच्या फावड्यापर्यंत यावा. गाडी थांबताना वा वळणावर पाणी हिंदकळून टेंडरला धक्के बसू नयेत म्हणून टाकीत आडवे पत्रे बसवावे लागत. एक किलो कोळशाच्या आचेवर साधारण सहा ते आठ किलो पाण्याची वाफ होते, त्यामुळे टेंडरमध्ये बहुधा कोळसा शिल्लक असतानाच टाकी तळ गाठते. म्हणजे टेंडरची रचना हा मुळात पाण्याचा प्रश्न आहे. जवळच्या पल्ल्यासाठी टेंडरला फाटा देऊन पाणी इंजिनावरच वाहणारी टँक इंजिने पुरेशी ठरली. नेरळ–माथेरानच्या घाटात चढणारी जुनी इंजिने याच जातीची होती. लांबच्या पल्ल्याला ही सोय पुरत नसे.

मोठी टाकी हा सर्वांत सोपा उपाय, पण ओढायच्या गाडीप्रमाणेच टेंडरचा भारही इंजिनावर पडतो. जॉन रॅम्सबॉटम यांनी 1860 साली उत्तर वेल्समधील मोखड्रे येथे या पेचातून काढलेली वाट आजही थक्क करणारी आहे. रुळांच्या मधोमध काही अंतरापर्यंत पाण्याची उथळ पन्हळ बसवायची आणि टेंडरच्या पोटातून पुढे तोंड असलेली एक वाकडी नळी धावत्या गाडीतून तिच्यात सोडायची, एवढीच ती कल्पना. पंप नाही, गाडीचा वेगच पाण्याला वर रेटतो. साडेसात फूट चढण्यासाठी हिशेबाने ताशी सुमारे 24 किलोमीटर वेग पुरतो, पण टाकी चांगली भरायची तर गाडी बरीच वेगात असावी लागे. नळी वेळेवर उचलण्याची जबाबदारी फायरमनची. तो चुकला की टाकी ओसंडून मागच्या डब्यातील उतारूंना उघड्या खिडकीतून अंघोळ घडे. या युक्तीने टेंडर हलके राहिले, तरी खर्च नाहीसा झाला नाही. तो लोहमार्गावर सरकला, कारण पन्हळीला सपाट जमीन, मुबलक पाणी आणि हिवाळ्यात गोठू न देण्याची तजवीज लागत असे.

पन्हळींमुळे पाण्याचा प्रश्न सुटल्यावर इंजिनावरच्या माणसांच्या दमाची मर्यादा उघडी पडली. लंडन ते एडिंबरा हे सुमारे 630 किलोमीटरचे अंतर न थांबता तोडायचे, तर वाटेत ड्रायव्हर-फायरमनची जोडी बदलायची कशी, याचे उत्तर नायजेल ग्रेसली यांनी 1928 साली टेंडरमध्येच शोधले. त्यांनी टेंडरच्या एका कडेने पाच फूट उंच आणि जेमतेम अठरा इंच रुंद अशी बोळ काढली. दुसरी जोडी पहिल्या डब्यातून वाकून, अंग चोरून इंजिनावर पोहोचत असे. त्या काळातील प्रसिद्धीचा झगमगाट बाजूला ठेवला तरी टेंडरच्या इतिहासातील ही सर्वांत कल्पक सुधारणा ठरते.

अमेरिकेच्या पश्चिम भागात मात्र आकारावरच भिस्त राहिली: युनियन पॅसिफिकच्या 1941 सालच्या ‘बिग बॉय’चे चौदा चाकांचे टेंडर 90 हजार लिटरांहून अधिक पाणी नेई. ही मोठेपणाची हौस नव्हे. तो मुलूखच विस्तीर्ण आणि कोरडा आहे.

याच्या उलट टोकाचा प्रयोग दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या कारू प्रदेशात झाला. 1953 पासून तेथे आलेल्या ‘25’ वर्गाच्या नव्वद इंजिनांत वापरलेली वाफ धुराड्यातून सोडून न देता मागे टेंडरमध्ये नेली जाई, पंख्यांच्या वाऱ्यावर जाळ्यांमध्ये निववून तिचे पुन्हा पाणी केले जाई आणि तेच बॉयलरला मिळे. टेंडर इंजिनापेक्षाही लांब झाले, पण पाण्याची फार मोठी बचत झाली. किंमत दुसरीकडे मोजावी लागली: धुराड्यातून वाफेचा झोत जाईनासा झाल्याने भट्टीला हवा खेचण्यासाठी वेगळा पंखा बसवावा लागला आणि राखेच्या कणांनी त्याची पाती झिजत राहिली. 1970च्या दशकात त्यांतील बहुतेक इंजिनांची ही यंत्रणा काढून टाकण्यात आली. यंत्र म्हणून हा प्रयोग अयशस्वी म्हणता येणार नाही. कारखान्यातील देखभालीने तो हरवला.

टेंडर घडवण्याची ही कला आज जतन केलेल्या इंजिनांपुरती उरली असली, तरी थांबलेली नाही. पाणी भरण्याच्या जुन्या सोयी मोडीत निघाल्याने ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ला 1966 साली केवळ पाण्यासाठी दुसरे टेंडर जोडावे लागले. 2019 साली पुन्हा धावू लागलेल्या ‘बिग बॉय’ला कोळशाऐवजी तेल दिले गेले, पण पाण्याचे जादा टँकर त्यामागे असतातच. 2008 साली ब्रिटनमध्ये नव्याने बांधून पूर्ण झालेल्या ‘टॉर्नेडो’च्या टेंडरमधून पन्हळीत उतरणारी नळी वगळण्यात आली, कोळशाची जागा नऊ टनांवरून साडेसात टनांवर आणली गेली आणि टाकी पाच हजार गॅलनांवरून सुमारे 6,200 गॅलनांपर्यंत वाढवली गेली.