‘तीर्थावळी’तील मागे राहिलेला

आमच्या वर्गांतून नामदेवांच्या ‘तीर्थावळी’ची ओळख बहुधा एका विहिरीपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. मारवाडात तहान लागली. ज्ञानदेवांनी योगसिद्धीने विहिरीतील पाणी प्राशन केले. नामदेवांनी विठ्ठलाचा धावा केला आणि विहीर भरून वाहू लागली. मग ‘ज्ञान श्रेष्ठ की भक्ती?’ या विषयावर विद्यार्थी निबंध लिहितात. आम्हीही वर्षानुवर्षे हेच शिकवीत आलो. गतवर्षी आमचे एक सहशिक्षक, तीस वर्षांचे स्नेही, मुलाकडे परदेशी गेले. त्यानंतर हे अभंग पुन्हा वाचताना आमची चूक आमच्या ध्यानी आली.

या काव्याचा प्राण विरहात आहे. ज्ञानदेव पंढरीस येऊन नामदेवांस तीर्थयात्रेस चलण्याची विनंती करतात. विठ्ठल संमती देतो, नामदेवांस ज्ञानदेवांच्या स्वाधीन करतो आणि मागे राहून व्याकूळ होतो; आपले दुःख रुक्मिणीस सांगतो. भक्ताने देवासाठी झुरावे, ही नित्याची रीत. येथे देवच भक्ताच्या वाटेकडे डोळे लावून बसला आहे. तिकडे नामदेवांचे चित्त पंढरीत गुंतलेले. दोघांस जोडणारा धागा एकच, स्मरणाचा. ज्ञानदेव सोबत्याची ही ओढ तोडू पाहत नाहीत. उलट भजनाची रीत त्यांसच विचारतात आणि ऐकून घेतात. सहप्रवासी असावा तर असा.

काव्य निर्दोष आहे, असे आमचे म्हणणे नाही. चमत्कारांनी भावाचा ओघ अडतो. प्रचलित पाठातील सर्व अभंग खुद्द नामदेवांचेच काय, याविषयीही अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु ‘तीर्थावळी’ला लागून ‘समाधी’चे अभंग वाचले म्हणजे रचनेतील एक सखोल संगती प्रत्ययास येते. शके १२१८ मध्ये (इ. स. १२९६) आळंदीस ज्ञानदेव निघाले ते न परतण्याच्या वाटेने, आणि मागे राहण्याची पाळी आता नामदेवांवर आली. जे दुःख पूर्वी विठ्ठलाने भोगले, तेच त्यांच्या वाट्यास आले.

पुढे नामदेव पंजाबात गेले, असे परंपरा सांगते. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत, आणि त्यांच्या वास्तव्याने पावन मानलेल्या घुमान येथे २०१५ साली मराठी साहित्य संमेलन भरले. मित्रासमवेत धरलेली उत्तरेची वाट त्यांनी मित्राच्या पश्चातही सोडली नाही. स्नेह्याचे कार्य पुढे नेणे, हेही स्मरणच होय.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या वसलेल्या आम्हां मराठी जनांस निरोप देणे व घेणे नवे नाही. म्हणून शिक्षकबंधूंस आमची विनंती आहे की, यापुढे निबंधाचा विषय बदलावा. विहीर कोणी भरली, हे पुरे झाले. विठ्ठल का रडला, हे मुलांस विचारावे.