मळवलीहून निघालेली लक्ष्मी

खंडेनवमीला भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांत लेथ, ड्रिल, सीएनसी पुसून त्यांच्यावर झेंडूच्या माळा पडतात. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू लागतं. भिंतीवर, मालकाच्या खुर्चीमागे किंवा मेन स्विचच्या शेजारी, लक्ष्मी असते: कमळावर उभी, चार हात, जरीकाठाची साडी, बाजूला हत्ती. ही लक्ष्मी कुणी काढली, असं तिथे कुणी विचारत नाही. ती अशीच दिसते, असं सगळ्यांना ठाऊक असतं. लातूरचा मालक आणि बिहारचा ऑपरेटर एकमेकांची भाषा अर्धीमुर्धी समजतात, पण त्या चित्रासमोर दोघांचे हात सारखेच जोडले जातात. राजा रविवर्मा यांच्या कामाचं मोजमाप करायचं असेल, तर संग्रहालयाआधी इथे यायला हवं.

इथेच यायला हवं, त्याला आणखी एक कारण आहे. पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, तळेगाव मागे टाकत गेलं की कामशेतनंतर मळवली येतं. कार्ला-भाजे लेणी आणि लोहगडाचं स्टेशन म्हणून ते भटक्यांना माहीत आहे. रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात सुरू केलेला शिळाछपाईचा कारखाना १८९९ मध्ये या मळवलीला हलला. मुंबईत तेव्हा प्लेगचं थैमान होतं. तळेगावचा पैसाफंड काच कारखाना १९०८ चा आणि पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ ची. म्हणजे या रेल्वेमार्गावर यंत्रयुगाचा माल म्हणून फार लवकर जे तयार होऊ लागलं, त्यात देवदेवतांची रंगीत चित्रं होती. औद्योगिक पट्ट्याचा इतिहास सांगताना आपण औषधं, स्कूटर आणि ट्रकपासून सुरुवात करतो. मला ती सुरुवात अपुरी वाटते.

रविवर्मांचा जन्म १८४८ चा, त्रावणकोरातल्या किळिमानूरचा. तैलरंगांचं तंत्र त्यांनी बरंचसं पाहून आणि स्वतः खटपट करून आत्मसात केलं. १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात बक्षीस आणि १८९३ मध्ये शिकागोत पदकं, हा त्यांचा लौकिक पुष्कळांनी लिहून ठेवला आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते बडोद्याचं काम. सयाजीराव गायकवाडांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी त्यांच्याकडून पौराणिक विषयांवरची चौदा चित्रं करून घेतली. ती बडोद्याला जाण्याआधी मुंबईत लोकांना दाखवली गेली आणि बघायला झुंबड उडाली. राजवाड्यातल्या भिंतींसाठी काढलेली चित्रं चाळीतल्या माणसाला हवी होती. त्रावणकोर आणि बडोदा या दोन्ही संस्थानांचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी रविवर्मांना चित्रांच्या छापील प्रती काढायला सुचवलं होतं. प्रती युरोपातून करून आणा, असं त्यांचं म्हणणं. रविवर्मांनी छापखानाच इथे आणला.

या छपाईकडे आपल्या कलासमीक्षेने नीट पाहिलेलं नाही, म्हणून तिथे जरा थांबतो. मूळ तैलचित्र समोर ठेवून शिळेवर उलटं रेखाटन व्हायचं. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा. गालावरची लाली एका शिळेवर, सावली दुसरीवर, जरीचा पिवळा तिसरीवर. कागद एकेका शिळेवरून जाई आणि दर वेळी तो तंतोतंत त्याच जागी बसावा लागे. केसभर सरकला तर ओठ चेहऱ्याबाहेर. शेवटी वार्निश चढवून तैलरंगाची चकाकी आणायची, म्हणून त्या प्रतींना ओलिओग्राफ म्हणत. जर्मन तंत्रज्ञ आणले होते, त्यांतल्या फ्रिट्झ श्लायशर यांच्याकडे पुढे कारखान्याची मालकीच गेली. छापखान्याने रविवर्मांना श्रीमंत केलं नाही. कर्जाने जेरीस येऊन त्यांना तो विकावा लागला. धाकटे भाऊ राजा राजवर्मा, जे चित्रांत आणि व्यवहारात सारखेच सोबती होते, १९०५ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी रविवर्माही. छापखाना मात्र चालत राहिला. १९७२ च्या आगीने त्याचा शेवट झाला.

महाराष्ट्राला छापील चित्र नवं नव्हतं. पुण्याची चित्रशाळा १८७८ पासून देवदेवतांची आणि पेशवाईतल्या पुरुषांची चित्रं छापत होती. ती चित्रं आजही बघावीशी वाटतात, पण त्यांतली माणसं कागदावर चिकटवल्यासारखी उभी असतात. रविवर्मांची सरस्वती खडकावर बसते तेव्हा तिचं वजन खडकावर पडतं. वीणेवरच्या बोटांना ताण आहे. मोर, झाडं, पाणी यांच्यावर एकाच दिशेचा उजेड आहे. देवता आपल्या जगात, आपल्या उन्हात येऊन बसली, हे भारतीय छापील चित्रात त्याआधी इतक्या ताकदीने घडलं नव्हतं.

त्यांच्यावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. आनंद कुमारस्वामी आणि बंगालच्या नव्या चित्रकारांनी त्यांना नाटकी म्हटलं, युरोपची नक्कल करणारे म्हटलं. नाटकीपणाचा आरोप खरा आहे, पण ज्या काळात मराठी रंगभूमी प्रेक्षकांच्या डोळ्यांना शकुंतला आणि सुभद्रा दाखवत होती, त्या काळात चित्राने रंगभूमीशी नातं ठेवणं मला दोष वाटत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो पुरेसा मांडला गेलेला नाही. रविवर्मांच्या देवी गोऱ्या, भरल्या घरच्या, उच्चवर्णीय वळणाच्या आहेत. हा चेहरा लाखोंनी छापला गेला आणि गावोगावच्या दैवतांची वेगवेगळी रूपं त्यापुढे फिकी पडली. पिंपरी-चिंचवड ही मुळात गावठाणांची शहरं. इथे शेंदूर फासलेला तांदळा, चांदीच्या डोळ्यांचा भैरवनाथ, रस्त्याकडेचा म्हसोबा होता आणि आहे. या दैवतांना नाकडोळे रेखीव असण्याची गरज कधी नव्हती. आज त्यांच्याही मागच्या भिंतीवर छापील गोरा चेहरा येतो. रविवर्मांची ही किंमत आपण मोजली आहे, हे त्यांच्या चाहत्यांनी मान्य करायला हवं. मी मान्य करतो.

तरीही त्यांच्या प्रभावाचा सगळ्यात सुंदर धागा याच पट्ट्यातून जातो. दादासाहेब फाळके यांनी १९०८ मध्ये लोणावळ्यात छापखाना काढला आणि तिथे बरंचसं काम रविवर्मा छापखान्याचं होत असे. पाच वर्षांनी त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. तारामतीच्या साडीपासून ऋषींच्या आश्रमापर्यंत त्यांच्या डोळ्यांवर कोणत्या चित्रांचा संस्कार होता, हे सांगायला नको. पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटर, हातात कुंचला असलेला चित्रपटकर्ता. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दामले आणि फत्तेलाल. १९३६ मध्ये प्रभातचा 'संत तुकाराम' याच जोडीने केला. तेव्हापासून तुकोबा म्हटलं की विष्णुपंत पागनिसांची मुद्रा डोळ्यांसमोर येते. देहूच्या वाटेवरच्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या तसबिरींमध्ये तुकोबांचे डोळे पाहा: अर्धवट मिटलेले, कपाळावर बुक्का, हातात चिपळ्या, वीणा. मळवलीच्या शिळेपासून देहूच्या तसबिरीपर्यंतचं अंतर रेल्वेने थोडंच आहे, आणि या प्रवासात चित्रकार, छपाईवाले, नट, छायाचित्रकार अशा कितीतरी जणांचे हात लागले. तुकोबांचं त्यांच्या हयातीतलं छायाचित्र असणं शक्यच नव्हतं. तरी वारकरी त्या तसबिरीतल्या माणसाला ओळखतो. पुराणातला माणूस खऱ्या उजेडात उभा करण्याची रविवर्मांची रीत इथे संतापर्यंत पोचली.

मधल्या काळात मराठी कॅलेंडरकलेला तिचे स्वतःचे मोठे चित्रकार मिळाले. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं घराघरांत कापून फ्रेम झाली. मुळगावकरांच्या देवतांची त्वचा लोण्यासारखी मऊ आहे, रविवर्मांचं वजन त्यांत कमी आणि गोडवा जास्त. मला दलालांची रेषा अधिक आवडते. पण दोघांनीही माणसाचं शरीर अभ्यासलं होतं, मॉडेल समोर बसवून काम केलं होतं. चित्र पाहताक्षणी ते कळतं.

आजची स्थिती पाहून मात्र वाईट वाटतं. चाकणच्या चौकात फ्लेक्सवर, टेम्पोच्या मागच्या काचेवर, जिन्याच्या कोपऱ्यात कुणी थुंकू नये म्हणून बसवलेल्या टाइल्सवर, मोबाइलवर सकाळी आलेल्या शुभेच्छांमध्ये देव आहेत. इतकी देवचित्रं आपल्या आधीच्या कुठल्याच पिढीने एका दिवसात पाहिली नसतील. त्यांतल्या बहुतेकांना चित्रकार नाही. एक लक्ष्मी दुसरीवरून, दुसरी तिसरीवरून उचललेली. हात कुणाचे, मुकुट कुणाचा, मागचा सूर्योदय तिसऱ्याच ठिकाणचा. रविवर्मांच्या लक्ष्मीच्या हातून नाणी पडत नव्हती. आता पडतात, आणि खाली ढीग झालेला असतो. उजेड दोन दिशांनी येतो. पाय कमळावर टेकलेले नसतात. आता संगणकच चित्रं तयार करून देतो. त्यांतल्या देवाची कांती संगमरवरी, दंड व्यायामशाळेतले आणि नजर रिकामी.

याला अपवाद आहेत आणि ते नोंदवायला हवेत. कासरगोडच्या करण आचार्य यांनी २०१५ च्या सुमारास केलेला भगवा-काळा हनुमान या पट्ट्यातल्या असंख्य गाड्यांवर आहे. तो रागीट आहे म्हणून त्यावर वाद झाला. रूपाचा विचार केला तर तो रविवर्मांपासून खरोखर सुटलेला पहिला लोकप्रिय देव आहे: पोत नाही, देखावा नाही, फक्त दोन रंग आणि ठाम आकार. विनाइल कापणाऱ्या यंत्राला ते चित्र सहज जमतं, जसं रविवर्मांचं शिळेला जमलं. माझ्या मनातल्या मारुतीत राग इतका नाही, पण कुणीतरी बसून विचार केल्याचं त्यात दिसतं.

मायक्रॉनमधला फरक ओळखणारी माणसं या पट्ट्यात आहेत. पुर्जा किंचित कमी-जास्त झाला तर ती लॉट परत पाठवतात. पण त्यांच्याच कारखान्याच्या भिंतीवर रंग सरकलेला, हात चुकलेला गणपती लागतो, कारण त्या चित्रामागेही कारागिरी असू शकते याची आठवण त्यांना कुणी करून दिलेली नाही. डिसेंबरात इथला जवळजवळ प्रत्येक कारखाना कॅलेंडर छापतो आणि पुरवठादारांना, कामगारांना वाटतो. छपाई आणि कागद यांवर पैसे खर्च होतातच. त्यातला काही भाग मूळ चित्रासाठी काढून पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयातून किंवा मुंबईच्या जे. जे. मधून शिकून निघालेल्या एखाद्या चित्रकाराला बारा चित्रं काढायला द्यावीत. विषय हाताशी आहेत: चिंचवडचा मोरया, गावठाणातला शेंदरी भैरवनाथ, इंद्रायणीकाठची वारी, भंडाऱ्याचा डोंगर, आणि खंडेनवमीच्या सकाळी लेथला हळदकुंकू लावणारी कामगार बाई.