पाठलागाचे हास्य आणि प्रेक्षकांचा कौल : 'स्मोकी अँड द बँडिट'च्या निमित्ताने

प्रस्तावना :
एखादी कलाकृती कशी वाटली, असे वर्गात विचारले असता 'मजा आली' हे उत्तर हमखास मिळते. आपण अध्यापक ते उत्तर अपुरे मानतो आणि पुढच्या विद्यार्थ्याकडे वळतो. हलक्याफुलक्या चित्रपटांच्या बाबतीत समीक्षेचीही वृत्ती काहीशी अशीच असते. घटकाभराची करमणूक करणाऱ्या चित्रपटाविषयी प्रेक्षकाचे मत ते काय असणार, अशी एक समजूत त्यामागे असते. ही समजूत तपासून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी हॅल नीडहॅम दिग्दर्शित 'स्मोकी अँड द बँडिट' (१९७७) हा मोटारींच्या पाठलागावर आधारलेला अमेरिकन विनोदी चित्रपट निवडला आहे. अनेक समीक्षकांनी त्याला उथळ ठरविले, प्रेक्षकांनी मात्र तो डोक्यावर घेतला. प्रेक्षकांच्या या कौलामागे काही निकष आहेत काय आणि असल्यास ते कुठवर पुरतात, हे दोन प्रश्न येथे महत्त्वाचे आहेत.

कथासूत्र :
चित्रपटाची कथा दोन वाक्यांत सांगता येते. टेक्सास आणि आर्कान्सा यांच्या सीमेवरील टेक्सार्काना येथून कूर्स बिअरची ४०० खोकी जॉर्जियातील अटलांटा येथे २८ तासांत पोहोचविण्याची ८० हजार डॉलरची पैज 'बँडिट' (बर्ट रेनॉल्ड्स) स्वीकारतो. त्याचा मित्र माल भरलेला ट्रक चालवितो आणि बँडिट काळ्या ट्रान्स अ‍ॅम मोटारीतून पुढे राहून पोलिसांना आपल्या मागे खेचतो. कूर्स बिअर त्या काळी पश्चिमेकडील मोजक्या राज्यांतच विकली जात असल्याने तिची पूर्वेकडे वाहतूक करणे बेकायदेशीर होते. वाटेत लग्नमंडपातून पळालेली वधू (सॅली फील्ड) बँडिटच्या मोटारीत बसते आणि तिचा होणारा सासरा शेरीफ ब्यूफर्ड जस्टिस (जॅकी ग्लीसन) आपली हद्द ओलांडून या दोघांच्या मागे लागतो. चित्रपटभर चालतो तो हाच पाठलाग.

प्रेक्षकमताची सामाजिक भूमी :
मे १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये हा चित्रपट लागला तेव्हा त्याला प्रतिसाद थंड होता. दक्षिणेकडील राज्यांत प्रदर्शित होताच मात्र त्याने गर्दी खेचली आणि वर्षअखेरीस 'स्टार वॉर्स'सारख्या चित्रपटाच्या जोडीने तो कमाईच्या अग्रभागी राहिला. एकाच कलाकृतीविषयी दोन प्रदेशांची मते इतकी भिन्न का असावीत? 'दक्षिणेची अभिरुची कमी' हे उत्तर सोपे आहे, पण ते ग्राह्य धरता येत नाही.

याची दोन कारणे संभवतात. पहिले कारण रस्त्याचे आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७४ मध्ये अमेरिकेत ताशी ५५ मैलांची राष्ट्रीय वेगमर्यादा लागू झाली. वेळेवर माल पोहोचविण्यावर ज्यांची कमाई अवलंबून होती, त्या ट्रकचालकांना ती जाचक वाटली. पोलीस कोठे दबा धरून बसले आहेत हे परस्परांना कळविण्यासाठी ते सी. बी. रेडिओ वापरू लागले. 'स्मोकी' हा शब्दच मुळी या चालकांच्या सांकेतिक भाषेत महामार्ग पोलिसासाठी रूढ झालेला होता. चित्रपटात अनोळखी चालक रेडिओवरून बँडिटला मदत करतात, तेव्हा या प्रेक्षकाला आपलेच जग पडद्यावर दिसते.

दुसरे कारण प्रतिमेचे आहे. १९७२ मधील 'डिलिव्हरन्स' या चित्रपटात जॉर्जियाच्या ग्रामीण भागातील माणसे क्रूर आणि भयप्रद अशी दाखविली होती. त्यातही बर्ट रेनॉल्ड्सच प्रमुख भूमिकेत होता. पाच वर्षांनी तोच नट त्याच जॉर्जियात चतुर, दिलदार आणि हसरा स्थानिक माणूस होऊन आला. स्वतःचे विद्रूप चित्र पाहण्याची सवय झालेल्या समूहाला हे चित्र सुखावणारे वाटले असल्यास नवल नाही. सारांश, 'मजा आली' या उद्गारात येथे 'आमची दखल घेतली गेली' हा अर्थही सामावलेला आहे.

हास्यरसाच्या दृष्टीने :
आता कलाकृतीच्या अंगाने पाहू. भरताच्या नाट्यशास्त्रात विकृत वेष, विकृत अलंकार, धार्ष्ट्य इत्यादी विभावांपासून हास्यरस उत्पन्न होतो असे म्हटले आहे. शेरीफ जस्टिसच्या ठायी हे सारे विभाव एकत्र येतात. त्याच्या अधिकाराचा अलंकार म्हणजे त्याची मोटार. तिचे दार निखळते, टप उडतो, अखेरीस तिचा केवळ सांगाडा उरतो. टप उडाल्यावर वाऱ्याने टोपी उडू नये म्हणून मुलाला ती बापाच्या डोक्यावर हाताने धरून ठेवावी लागते. मोटार जसजशी मोडत जाते तसतसा शेरीफचा ताठा वाढत जातो आणि या व्यस्त प्रमाणातूनच हास्य फुलते. एरवी शस्त्रधारी अधिकाऱ्याने केलेला पाठलाग हा भयानकाचा विभाव ठरला असता. येथे तो हास्याचा पोषक होतो, कारण हा खेळ आहे याची खूण प्रेक्षकाला सतत मिळत राहते. चित्रपटाच्या शेवटी बँडिट रेडिओवरून शेरीफला प्रथम चकवितो, पण मग त्याच्या चिकाटीची कदर करून आपला खरा ठावठिकाणा सांगतो. पाठलाग संपू नये ही दोघांचीही इच्छा असते, तशीच ती प्रेक्षकाचीही असते.

'शेरीफच खरा नायक आहे' असे अनेक प्रेक्षक म्हणतात. वरील विवेचनाच्या प्रकाशात हे मत मर्मग्राही ठरते. तुटलेल्या पुलावरून मोटारीने घेतलेली झेप अद्भुताचा क्षणिक प्रत्यय देते, पण चित्रपटाचा स्थायीभाव शेरीफच सांभाळतो. पाठलागातील गती आणि विनोद यांचा मेळ राखण्यात संकलनाचा वाटाही मोठा आहे. या चित्रपटाला ऑस्करचे एकमेव नामांकन मिळाले ते संकलनासाठीच, ही बाब लक्षणीय आहे.

प्रेक्षक विवेक करतो काय? :
'पाठलाग दाखवा, प्रेक्षक येतील' असा एक तुच्छतादर्शक समज आहे. या मालिकेचा इतिहास त्याला छेद देतो. १९८० मधील दुसऱ्या भागाने पैसा मिळविला, पण पहिल्याची उंची गाठली नाही. १९८३ च्या तिसऱ्या भागात रेनॉल्ड्स केवळ काही क्षण दिसला आणि सारा भार ग्लीसनवर पडला. मोटारी होत्या, शेरीफ होता, पाठलागही होता, तरी प्रेक्षकांनी तो नाकारला. ज्याचा पाठलाग करावा असा तोलामोलाचा प्रतिस्पर्धी नसेल, तर पाठलागाला अर्थ राहत नाही, हे प्रेक्षकाने परिभाषेवाचून ओळखले.

मात्र यावरून गल्ला हाच निकष मानावा, असे नाही. आपल्या चित्रपटाची प्रतिकूल परीक्षणे आणि नोटांनी भरलेल्या हातगाडीवर बसलेले स्वतःचे छायाचित्र अशी जाहिरात नीडहॅम यांनी एकदा प्रसिद्ध केली होती. हे उत्तर गमतीदार आहे, परंतु तो युक्तिवाद नव्हे. तिकीट काढणे ही मताची सुरुवात आहे. ते का काढले आणि पुढच्या वेळी का काढले नाही, हे सांगता येणे म्हणजे अभिप्राय.

प्रेक्षकमताच्या मर्यादा :
'निरुपद्रवी करमणूक' हे या चित्रपटाविषयीचे सर्वांत रूढ मत आहे आणि तेच सर्वांत तपासून घेण्याजोगे आहे. चित्रपटात गाड्या उलटतात, पाण्यात पडतात, पण कोणी मरत नाही. हास्यरसाचा हा संकेत मान्य करता येईल. परंतु बँडिटच्या मोटारीच्या पुढील पाटीवर जॉर्जिया राज्याचा तत्कालीन ध्वज आहे. १९५६ मध्ये स्वीकारलेल्या या ध्वजात गुलामगिरीच्या रक्षणार्थ लढलेल्या दक्षिणी संघराज्याचे युद्धचिन्ह होते. शाळांतील वंशभेद मोडून काढण्यास त्या काळी दक्षिणेत जो विरोध चालला होता, त्याच वातावरणात तो आला. पुढे २००१ मध्ये राज्याने तो ध्वज बदलला. चित्रपट वंशभेदाची बाजू घेतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. कृष्णवर्णीय सहकारी अधिकारी समोर येताच शेरीफ गोंधळतो, तेव्हा हसे शेरीफचेच होते. तथापि मनमोकळ्या दक्षिणेचे जे सुखद चित्र प्रेक्षकाला भावले, त्यात ही पाटी कोणाला बोचेल हा प्रश्न त्याच्या मनात आला नाही. मजेत गुंतलेल्या मनाला चौकट दिसत नाही. ती दाखविणे हे समीक्षेचे काम आहे.

निष्कर्ष :
१) हलक्याफुलक्या चित्रपटाविषयीचे प्रेक्षकमत निकषशून्य नसते. लय, पात्रांचा तोल आणि स्वतःच्या जगाशी असलेला संबंध हे त्याचे निकष होत.
२) हे मत प्रदेश, व्यवसाय आणि काळ यांच्याशी बांधलेले असते. त्यामुळे मतभेदाला अभिरुचीची उणीव समजणे चूक आहे.
३) लोकप्रियता ही कलामूल्याचा पुरावा नसली, तरी तिच्या कारणांचा शोध समीक्षेला टाळता येत नाही.
४) कलाकृती काय झाकते, हे प्रेक्षकमतातून सहसा कळत नाही. तेथे चिकित्सेची गरज भासते.

नीडहॅम यांना २०१२ मध्ये सन्मान ऑस्कर देण्यात आला. मोटारी उलथविणाऱ्या या माजी स्टंटमनच्या कामाची दखल घेण्यास चित्रपटसृष्टीला इतकी वर्षे लागली. वर्गातील 'मजा आली' या उत्तराला तेवढी वाट पाहावयास लावू नये. त्या उत्तरानंतर पुढच्या विद्यार्थ्याकडे न वळता 'कशामुळे?' आणि 'कोणाला आली नसेल?' हे दोन प्रश्न विचारले, तर रसास्वादाचे अध्यापन तेथूनच सुरू होऊ शकेल.